एका आकड्याचं पाणी

परभणीत पाण्याची पारख आता पेनासारख्या दिसणाऱ्या मीटरवर होते. थंड पाण्याचे जार भरणारा प्लांटवाला असो की घरी आरओ बसवायला आलेला मेकॅनिक, तो मीटरचं टोक पेल्यात बुडवतो आणि आकडा दाखवतो. बोअरचं पाणी नऊशे, मशीनचं साठ. त्यापुढे कुणी काही विचारत नाही. हा आकडा टीडीएसचा, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या एकूण क्षारांचा. तोही मीटर थेट मोजत नाही; पाण्यातून वीज किती सहज वाहते ते पाहून अंदाज बांधतो. पाण्यात मीठ आहे की चुना, सोडा आहे की शेतातून झिरपलेलं नायट्रेट, हे त्याला कळत नाही.

या मीटरवर ज्याचं अजिबात भागत नाही असा एक माणूस आहे: घरातल्या काचेच्या टाकीत जिवंत प्रवाळ सांभाळणारा हौशी. त्याच्या टाकीतल्या खाऱ्या पाण्याचा टीडीएस 35,000 च्या आसपास असतो आणि बाजारातल्या बहुतेक पेन-मीटरांची धाव 9,990 वर संपते. मीटर तिथवर पोचला असता तरी तो आकडा त्याच्या कामाचा नव्हता. रीफ टँकवाला दोन वेगळे आकडे पाहतो, कॅल्शियम आणि अल्कता, आणि ते नेहमी एकमेकांशेजारी मांडून पाहतो. परभणीपासून समुद्र चारशे किलोमीटरहून दूर. इथे या हौसेचं काय काम, असं कुणी विचारेल. हौसेचं नसेलही. तिच्यातल्या हिशेबाचं मात्र या जिल्ह्यात फार काम आहे, आणि तो करायला लागणारी सामग्री गावागावांत आधीच पोचलेली आहे.

हिशेब असा. दगडी प्रवाळाचा सांगाडा कॅल्शियम कार्बोनेटचा असतो, म्हणजे चुनखडीचाच. तो बांधायला प्रवाळ पाण्यातून कॅल्शियम उचलतो आणि बायकार्बोनेट उचलतो. समुद्राच्या पाण्यात लिटरला साधारण 412 मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. अल्कता म्हणजे पाण्याची आम्ल पचवण्याची ताकद. ती मुख्यतः बायकार्बोनेट आणि कार्बोनेटमुळे येते. हौशी लोक ती केएच अंशांत मोजतात आणि समुद्रात ती साडेसहा ते सात अंश भरते. प्रयोगशाळेच्या भाषेत एक अंश म्हणजे लिटरला सुमारे 17.9 मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटइतकी अल्कता. प्रवाळ या दोन्ही गोष्टी ठरलेल्या प्रमाणात वापरतो. 20 मिलिग्रॅम कॅल्शियम खर्ची पडलं की अल्कता 2.8 अंशांनी उतरते. हे प्रमाण रसायनशास्त्राने बांधलेलं आहे. टाकी महागडी असो वा स्वस्त, ते बदलत नाही.

आता या प्रमाणातली मेख पाहा. टाकीची सुरुवात 412 कॅल्शियम आणि 7 अंश अल्कतेने झाली आणि काही दिवस काहीच घातलं नाही, तर कॅल्शियम 392 वर येईल तेव्हा अल्कता 4.2 वर आलेली असेल. एकात पाच टक्के घट, दुसऱ्यात चाळीस टक्के. कॅल्शियम ही मुदत ठेव आहे, अल्कता हातखर्चाचे पैसे. म्हणून जाणकार माणूस कॅल्शियम आठवड्याने पाहिलं तरी चालवून घेतो, पण अल्कता रोज मोजतो, तीही शक्यतो एकाच वेळेला. वाढत्या प्रवाळांनी भरलेली टाकी दिवसाला एक-दोन अंश सहज खाऊन टाकते.

नवखा माणूस फसतो तो इथेच. अल्कता घसरली म्हणून तो सोडा घालतो, जास्त पडतो. पाण्यात कॅल्शियम भरपूर, अल्कताही भरपूर आणि पीएच चढलेला, असं झालं की दोघं प्रवाळाची वाट न पाहता आपसांतच जुळतात. पाणी दुधाळ होतं, हीटरवर आणि पंपाच्या पात्यांवर पांढरी पुटं चढतात. मग कॅल्शियम कमी दिसतं, म्हणून तो कॅल्शियम क्लोराइड ओततो. पुन्हा पुटं. आकडे दोन असले तरी ते एकाच व्यवहाराच्या दोन बाजू आहेत, हे लक्षात यायला काही महिने आणि काही प्रवाळ जातात. खरं तर मात्रा अगदी किरकोळ असते. 100 लिटर पाण्याची अल्कता एका अंशाने वाढवायला 3 ग्रॅम खाण्याचा सोडा पुरतो आणि त्याच्या जोडीला सुमारे 2.6 ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड. एका दिवसात एका अंशापेक्षा जास्त चढवू नये, हा या हौसेतला जुना संकेत. मॅग्नेशियम हा तिसरा गडी. समुद्रात ते लिटरला 1,280 मिलिग्रॅमच्या आसपास असतं आणि चुनखडीचे स्फटिक पाण्यातच वाढू लागले तर त्यांना अडवून धरतं. ते उतरलं तर बाकी दोन आकडे कितीही सांभाळा, हाती लागत नाहीत.

या सगळ्याचं सर्वांत जुनं आणि स्वस्त औषध मराठी घरांना परिचयाचं आहे: चुन्याची निवळी. विरी गेलेला चुना पाण्यात ढवळून ठेवला की गाळ खाली बसतो आणि वर निवळ पाणी राहतं. संपृक्त निवळीत लिटरला सुमारे 800 मिलिग्रॅम कॅल्शियम असतं आणि अल्कता बरोब्बर त्याच्या जोडीची, प्रवाळाला लागते त्याच प्रमाणात. एकाच बाटलीत दोन्ही, म्हणजे तोल बिघडायचा प्रश्नच नाही. जर्मनीतल्या रीफ टँकवाल्यांनी ही पद्धत रूढ केली. पानाला लावायचा चुना रसायन म्हणून तोच आहे, पण त्याच्या शुद्धतेची हमी कुणी देत नाही. टाकीसाठी खाद्य किंवा प्रयोगशाळेच्या प्रतीचा चुना घ्यावा लागतो. निवळीचा पीएच 12 च्या वर, म्हणून ती थेंबथेंबच सोडायची, आणि बहुतेक जण ती रात्री सोडतात, कारण दिवे मालवले की टाकीचा पीएच आपोआप खाली येतो.

परभणीचं हवामान मात्र या हिशेबात स्वतःचे आकडे घुसवतं. निवळी टाकीत जाते ती वाफ होऊन गेलेल्या पाण्याच्या बदल्यात. मे महिन्यात इथली हवा कोरडी आणि पारा 43-44 अंशांवर; पाणी भराभर उडतं, म्हणजे निवळीही जास्त देता येते. श्रावणात हवा ओलसर होते, पाणी उडत नाही, निवळीची मात्रा निम्म्यावर येते आणि प्रवाळाची भूक तेवढीच राहते. शिवाय चुना गरम पाण्यात कमी विरघळतो. 20 अंशांना लिटरमध्ये 1.7 ग्रॅम मावतो, 40 अंशांना 1.4. त्यामुळे पुण्या-मुंबईच्या माणसाने लिहून दिलेलं माप परभणीत चालेलच असं नाही. वीज आणि उष्णता यांचा प्रश्न तर याहून मोठा. प्रवाळाला 25 ते 27 अंशांचं पाणी लागतं. उन्हाळ्यात चार-सहा तास वीज जाऊन पाणी थंड ठेवणारा चिलर बंद पडला, तर रसायनांचा तोल सांभाळायला टाकीत काही उरणार नाही.

वाफेची भरपाई बोअरच्या पाण्याने करावी असा मोह कुणालाही होईल. समजा बोअरच्या पाण्याची अल्कता लिटरला 400 मिलिग्रॅम आहे. म्हणजे 22 अंशांहून जास्त, समुद्राच्या तिप्पट. शंभर लिटरच्या टाकीत रोज दोन लिटर असं पाणी गेलं, तर महिन्याला तेरा-एक अंश अल्कता फुकट पदरात पडते, बरोबर कॅल्शियमही. वाटेल, बरंच झालं! पण त्याच्यासोबत नायट्रेट येतं, सोडियम येतं, सल्फेट येतं आणि मुख्य म्हणजे सिलिका येते. प्रवाळ सांगाडा बांधायला यातलं काही उचलत नाही, ते साठत राहतं. सिलिकेवर जगणारं तपकिरी शेवाळ आठवड्याभरात काचांवर आणि वाळूवर पसरतं. म्हणून टाकीवाला आधी आरओ, मग आयन काढून घेणारी राळ अशा दोन चाळण्यांतून पाणी घेतो आणि टाकी भरताना किंवा पाणी बदलताना त्यात मोजून समुद्री मीठ मिसळतो. आरओ एका लिटरमागे दोन-तीन लिटर पाणी बाहेर फेकतं. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या जिल्ह्यात ते गटारात सोडणं सभ्यपणाचं नाही, मग ते हौशी माणसाकडून होवो की जारवाल्या प्लांटकडून.

ही सिलिका आणि हे कॅल्शियम येतं कुठून? पायाखालून. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर पसरलेल्या लाव्ह्याचा काळा दगड, बसाल्ट, हा परभणी जिल्ह्याचा पाया. पाऊस हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आंबट होतो आणि दगडातल्या फेल्डस्पार खनिजाला फोडतो. फेल्डस्पारमधलं कॅल्शियम सुटतं, सिलिका सुटते, कार्बन डायऑक्साइडचं बायकार्बोनेट होतं. उरलेल्या चिकणमातीची काळी कसदार जमीन बनते. पाऊस फार नसल्याने सगळा चुना वाहून जात नाही. काही जमिनीतच थिजतो, नांगराला लागणारे चुनखडीचे पांढरे खडे ते हेच. काही विहिरीत आणि बोअरमध्ये उतरतो. बाकीचा दुधनेतून, पूर्णेतून, शेवटी गोदावरीतून पाथरी, सोनपेठ, गंगाखेड, पालम, पूर्णा असे तालुके ओलांडत बंगालच्या उपसागराकडे निघतो.

दगडातून सुटलेल्या कॅल्शियमच्या एका अणूमागे बायकार्बोनेटचे दोन रेणू, हे ते ढोबळ प्रमाण. प्रवाळ उचलतो तेही एकास दोन. गंगाखेडच्या घाटाखालून वाहणारं पाणी जगभरच्या समुद्रांत जी दोन द्रव्यं पोचवतं, तीच टाकीवाला दोन बाटल्यांतून मोजून घालतो, आणि नदीचं माप त्याच्याहून पक्कं असतं. गोदावरीच्या मुखाशी प्रवाळ नाहीत. गोडं पाणी आणि गाळ त्यांना सोसत नाही. पण समुद्रात मिसळलेलं कॅल्शियम तिथे सरासरी दहा लाख वर्षं मुक्काम करतं, बायकार्बोनेट सुमारे एक लाख वर्षं. इथेही एकाची शिल्लक मोठी आणि दुसऱ्याची छोटी, टाकीत असते तशीच. 2003 साली प्रसिद्ध झालेल्या फ्रेंच संशोधकांच्या अभ्यासानुसार, सिलिकेट खडकांच्या झिजेतून हवेतला जेवढा कार्बन डायऑक्साइड शोषला जातो, त्यातला जवळपास 30 टक्के एकट्या बसाल्टच्या वाट्याचा आहे. दख्खनचं पठार त्या बसाल्टचा मोठा तुकडा.

समुद्रापासून दूर बसून समुद्राचं पाणी समजून घेता येतं, याचा पुरावा अमेरिकेच्या अ‍ॅरिझोना वाळवंटात आहे. तिथल्या बायोस्फिअर 2 या काचेच्या प्रचंड इमारतीत सुमारे 26 लाख लिटरचा समुद्र आणि त्यात प्रवाळांची बाग केली होती. 1991 मध्ये आठ माणसं त्या इमारतीत दोन वर्षांसाठी कोंडून घेऊन राहिली, तो प्रयोग गाजला आणि त्याची टिंगलही झाली. पण पुढे संशोधक क्रिस लँगडन यांच्या गटाने तिथल्या समुद्रात रसायनं मोजून घालून दाखवून दिलं, की पाणी चुनखडीने किती संपृक्त आहे त्यावर प्रवाळाचा बांधकामाचा वेग ठरतो. 2000 साली हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ऑस्ट्रेलियाच्या वन ट्री बेटावर खऱ्या प्रवाळ खडकावर सोडियम हायड्रॉक्साइड सोडून पाण्याची अल्कता थोडी वाढवण्यात आली, तर बांधकाम सुमारे 7 टक्क्यांनी वाढलं. हवेतल्या वाढत्या कार्बन डायऑक्साइडने समुद्राचा पीएच औद्योगिक क्रांतीपासून 8.2 वरून 8.1 च्या आसपास उतरला आहे. आकड्यात हा फरक नगण्य दिसतो, प्रवाळाला तो जाणवतो.

कायद्याचं एक सांगायला हवं. भारतीय समुद्रातले दगडी प्रवाळ 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत; वाघाला जे संरक्षण तेच त्यांना. मालवणच्या सागरी अभयारण्यातून किंवा विजयदुर्गासमोर शंभर-एक किलोमीटर आत असलेल्या आंग्रिया बँकेवरून प्रवाळाचा तुकडा आणणं हा गुन्हा आहे. परदेशातून येणारे प्रवाळही आंतरराष्ट्रीय करारातल्या यादीत मोडतात आणि 2022 च्या दुरुस्तीनंतर अशा जिवंत प्राण्यांची सरकारदरबारी नोंद करावी लागते. दुकानदार कागद दाखवत नसेल तर घेऊ नये, इतकं साधं. उन्हाळा, वीज आणि कायदा हे तिन्ही जमेस धरले तर परभणीत घरोघरी रीफ टँक व्हावेत असं कुणी सुचवणार नाही. इथे उचलायची आहे ती त्या लोकांची मोजायची सवय.

कारण कॅल्शियम आणि अल्कतेचा तोल हा परभणीच्या शेताचाही प्रश्न आहे, आणि शेतीशास्त्रात त्याचं माप 1950 पासून ठरलेलं आहे. ओलिताच्या पाण्यात कार्बोनेट आणि बायकार्बोनेट मिळून जेवढी अल्कता असते, तिच्यातून कॅल्शियम आणि मॅग्नेशियम वजा करायचं. जे उरतं तो त्या पाण्यातला शिलकी सोडा. प्रयोगशाळेच्या कागदावर त्याला आरएससी म्हणतात. तो 1.25 पेक्षा कमी असेल तर पाणी निर्धोक, 2.5 च्या वर गेला तर ओलिताला नको. कारण तेच, टाकीतलं. अल्कता कॅल्शियमपेक्षा वरचढ झाली की शेतात पाणी सुकताना सगळं कॅल्शियम चुनखडी होऊन बसतं आणि मागे सोडियम राहतो. सोडियम काळ्या मातीच्या कणांना चिकटतो, माती फुगते, भेगा लिंपून जातात, पाणी मुरत नाही. पाऊस पडून आठवडा झाला तरी रानात चिखल. जमीन चोपण झाली म्हणतात ती ही.

उपायही टाकीतलाच. टाकीवाला अल्कता न वाढवता नुसतं कॅल्शियम वाढवायचं असेल तेव्हा कॅल्शियम क्लोराइड घालतो. शेतकरी जिप्सम टाकतो. दोघं तोलाच्या हलक्या बाजूला कॅल्शियमच घालतात, फक्त एक चमच्याने आणि दुसरा पोत्याने.

(पूर्णा म्हटलं की काहींना खारपाणपट्टा आठवेल. तो अकोला, अमरावती, बुलडाण्याकडचा, तापीला मिळणाऱ्या दुसऱ्या पूर्णेच्या खोऱ्यातला. येलदरीहून येऊन गोदावरीला मिळणारी परभणीची पूर्णा वेगळी. पण तिकडे जे मुळातच मातीत आहे ते इकडे चुकीच्या पाण्याने ओढवून घेता येतं.)

इथे टीडीएसचा मीटर किती तोकडा पडतो ते दोन बोअरच्या उदाहरणाने दिसेल. दोन्हींचा टीडीएस 700 धरू. पहिल्याची अल्कता 400 आणि काठिण्य 250. दुसऱ्याची अल्कता 300 आणि काठिण्य 500. काठिण्य म्हणजे कॅल्शियम आणि मॅग्नेशियमची बेरीज, आणि दोन्ही आकडे कॅल्शियम कार्बोनेटच्या मापात दिलेले असतात, त्यामुळे गणित तिसरीच्या मुलाला जमेल इतकं सोपं आहे: अल्कतेतून काठिण्य वजा करा, 50 ने भागा. पहिल्या बोअरचं उत्तर 3. वर्षानुवर्षं हे पाणी दिलं तर जमीन बिघडणार. दुसऱ्याचं उत्तर शून्याखाली. तिथे चोपण होण्याची भीती नाही, पण पाणी जड. ठिबकच्या तोट्या चोंदतील, उन्हाने तापलेल्या काळ्या नळीत चुना धरेल, अधूनमधून आम्ल सोडून लॅटरल धुवाव्या लागतील. तणनाशकातल्या ग्लायफोसेटलाही असं पाणी बांधून टाकतं. एका बोअरला जिप्सम हवं, दुसऱ्याला आम्ल. मीटरने दोघांना एकच आकडा दिला.

जमिनीचंही तसंच. पावसाची झड लागून रानात पाणी साचलं की सोयाबीनचे शेंडे पिवळे पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या. असा पिवळेपणा उसावर आला की त्याला केवडा म्हणतात. लोह कमी पडलं असं निदान होतं, फेरस सल्फेटची किंवा चिलेटेड सूक्ष्म अन्नद्रव्यांची फवारणी सुचवली जाते आणि ती लागूही पडते. पण काळ्या मातीत लोह कमी नसतं. चुनखडी आणि ओल एकत्र आल्यावर मुळांभोवती बायकार्बोनेट वाढतं आणि असलेलं लोह पिकाला घेता येत नाही. वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने इक्रिसॅटच्या साथीने 2018 मध्ये परभणी शक्ती हे लोह आणि जस्त जास्त असलेलं ज्वारीचं वाण दिलं. लोह अडवून धरणाऱ्या जमिनीच्या जिल्ह्यातून लोहाची ज्वारी यावी, ही विद्यापीठाच्या लौकिकात भर घालणारीच गोष्ट. पण 2015 मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या मृदा आरोग्य पत्रिकेतल्या 12 घटकांत पीएच आहे, लोह आहे, जस्त आहे. मुक्त चुना नाही. राजस्थानच्या वाळूला आणि कोकणच्या जांभ्याला एकच तक्ता लावायचा तर असं होणारच. परभणीच्या पत्रिकेत मात्र तेरावी ओळ असायला हवी.

पाण्याच्या बाबतीत नवी ओळ मागायचीही गरज नाही, ती आहेच. भारतीय मानक ब्युरोच्या 2012 च्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात टीडीएसला एक ओळ आहे तशा अल्कतेला, काठिण्याला, कॅल्शियमला, मॅग्नेशियमला वेगवेगळ्या ओळी आहेत. अल्कता 200 पर्यंत चांगली आणि दुसरा स्रोत नसेल तर 600 पर्यंत चालवून घ्यायची, काठिण्याचंही तसंच. जलजीवन मिशनमध्ये गावातल्या पाच महिलांना पाणी तपासायचं शिक्षण देऊन त्यांच्या हाती किट देण्याची योजना आहे. त्या किटमध्ये अल्कतेची बाटली असते, काठिण्याची असते. नळीत पाणी घ्यायचं, रंगाचे थेंब टाकायचे, मग रंग पालटेपर्यंत दुसऱ्या बाटलीतले थेंब मोजत जायचं. रीफ टँकवाला हजार-दीड हजार रुपयांच्या परदेशी किटमधून रोज संध्याकाळी करतो ती चाचणी आणि जिंतूर तालुक्यातल्या एखाद्या खेड्यातली जलसुरक्षक बाई करते ती चाचणी, दोन्हींचं रसायन एकच.

फरक पुढे पडतो. टाकीवाला थेंब मोजून झाले की वही उघडतो, कालचा आकडा पाहतो आणि आज किती घालायचं ते ठरवतो. गावातला आकडा पोर्टलवर चढतो. त्यावर विचारला जातो एकच प्रश्न: पाणी पिण्यायोग्य की अयोग्य? 600 च्या आत असेल तर योग्य, विषय संपला. अल्कता 400 आणि काठिण्य 250 असलेलं पाणी प्यायला योग्य ठरतं, आणि ठरायलाही हरकत नाही. पण तेच पाणी उसाला किंवा हळदीला वर्षानुवर्षं देणाऱ्या माणसापर्यंत ते दोन आकडे जात नाहीत. पिण्याचं पाणी एका खात्याचं, ओलिताचं दुसऱ्याचं, मातीचं तिसऱ्याचं. आकडा एका खात्यात जन्मतो आणि तिथेच राहतो.

यावर दोन आक्षेप येतील. किटचा हिशेब ढोबळ असतो, हा पहिला, आणि तो खरा आहे. म्हणून किटवरून शंका घ्यायची आणि निदान भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत किंवा विद्यापीठात करून घ्यायचं. दुसरा आक्षेप असा, की शेतकऱ्याला एकच सोपा आकडा द्या, दोन दिले की गोंधळ होतो. हा आक्षेप सहसा शेतकऱ्याकडून येत नाही. एकराला बियाणं किती, डीएपी किती, पंपाला औषध किती मिली, हे तोंडपाठ असणारा माणूस एक वजाबाकी आणि एक भागाकार करू शकत नाही, असं मानणं हा त्याचा अपमान आहे. आठवीनववीतली मुलं छंदापायी टाकीची अल्कता मोजतात. शाळेच्या प्रयोगशाळेत तेच विज्ञान गावच्या विहिरीवर का शिकवू नये?

अल्कतेला आता जागतिक बाजारातही भाव आला आहे. बसाल्टची भुकटी शेतात पसरायची, ती झिजताना हवेतला कार्बन शोषला जातो आणि बायकार्बोनेट होऊन पाण्यासोबत निघून जातो, ही कल्पना भारतातल्या लहान शेतकऱ्यांबरोबर राबवणाऱ्या माटी कार्बन या संस्थेला एप्रिल 2025 मध्ये एक्सप्राइझ स्पर्धेचं पाच कोटी डॉलरचं पहिलं बक्षीस मिळालं. खडी क्रशरची धूळ मराठवाड्यात ढिगांनी पडलेली असते, त्यामुळे उद्या कुणी कार्बनच्या पैशाचं आमिष घेऊन परभणीतही येईल. तेव्हा हे ध्यानात ठेवलेलं बरं, की ही भुकटी आंबट, झिजलेल्या जमिनीत लवकर मुरते. परभणीची जमीन आधीच चुनखडीने भरलेली आणि पीएच आठच्या आसपास. इथे ती फार सावकाश झिजणार. करारावर सही करण्याआधी आपल्या मातीतला मुक्त चुना आणि विहिरीची अल्कता ज्याला ठाऊक असेल, त्याला हा व्यवहार आपल्या फायद्याचा आहे की नाही ते विचारायला कुणाकडे जावं लागणार नाही.

करायचं काम छोटं आहे आणि त्याला नवी योजना लागत नाही. गावातल्या किटची नोंद होते त्या तक्त्यात अल्कता आणि काठिण्य शेजारी शेजारी छापायचे, तिसऱ्या रकान्यात वजाबाकी करून 50 ने भागलेला आकडा, आणि तो 1.25 च्या वर गेला तर ती ओळ कृषी सहायकाकडे पाठवायची. ग्रामपंचायतीच्या फळ्यावर टँकरच्या फेऱ्या लिहितात तिथे हे तीन आकडे लिहायला खडूच लागेल. पाणी ऋतूप्रमाणे पालटतं, म्हणून वर्षात दोन नोंदी: एक मे महिन्यात, विहिरी तळाला गेलेल्या असताना, आणि दुसरी पावसाळा सरल्यावर ऑक्टोबरात, हरभऱ्याला आणि गव्हाला पहिलं पाणी सोडायच्या आत.